टाकीतलं ग्रंथालय

1 जानेवारी 1873 रोजी शिकागो शहरात, लासाल आणि अ‍ॅडम्स या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, लोक एका लोखंडी पाण्याच्या टाकीत शिरत होते. टाकी गोल, 58 फूट व्यासाची, 21 फूट उंच. पूर्वी तिच्यात शहराला पुरवायचं पाणी असे. आता पाण्याच्या जागी पुस्तकं होती, मोजून 3,157. शिकागो सार्वजनिक ग्रंथालयाचा तो पहिला दिवस.

ही हकिगत वाचल्यापासून ती टाकी माझ्या मनातून जात नाही. गोल भिंतीला कपाटं कशी टेकवली असतील? शिकागोच्या जानेवारीत, तळ्यावरून बोचरं वारं येत असताना, ते लोखंड किती गार पडत असेल? कोणी जरा मोठ्यानं बोललं तर आवाज किती घुमत असेल? अशा जागी ग्रंथालय थाटण्याची वेळ कुणावर हौसेनं येत नाही. सव्वा वर्षापूर्वी त्या शहराचा मधला सगळा भाग जळून गेला होता, आणि जे थोडं उभं राहिलं त्यात ही टाकी होती.

1871 च्या आगीनंतर शिकागो पुन्हा कसं उभं राहिलं, हे जगभर सांगितलं जातं. त्यात पोलादी सांगाड्याच्या उंच इमारती येतात, वास्तुशिल्पी येतात, जत्रेसारखं भरलेलं जागतिक प्रदर्शन येतं. मला ती वाटचाल या ग्रंथालयाच्या अंगानं सांगायची आहे. हॉटेलं, बँका, नाट्यगृहं, चर्चं हे सगळं शिकागोला आगीच्या आधीही होतं. ते गेलं आणि पुन्हा बांधलं गेलं. कुणीही आत यावं, वर्गणी न भरता वाचावं आणि पुस्तक घरी न्यावं, असं ग्रंथालय मात्र त्या शहरात आगीआधी कधीच नव्हतं.

रविवार, 8 ऑक्टोबर 1871. त्या वर्षी उन्हाळाभर पावसानं दडी मारलेली. शिकागो हे तेव्हा लाकडाच्या व्यापाराचं मोठं पेठेचं गाव, आणि बांधलेलंही लाकडाचंच. घरं लाकडी, पदपथ लाकडी, कित्येक रस्त्यांवर फरसबंदीच्या जागी पाइनच्या लाकडाचे ठोकळे. दगडी दिसणाऱ्या इमारतींचे छज्जे आणि छपरंही पुष्कळदा लाकूड आणि डांबराची. आदल्या रात्री आणखी एक मोठी आग लागून गेली होती. तीन लाखांच्या वस्तीच्या शहराला बंबवाले होते 185, आणि ते सगळे त्या आगीशी झुंजून गळून गेलेले.

रात्री नऊच्या सुमारास शहराच्या नैर्ऋत्येला डीकोव्हन रस्त्यावर पॅट्रिक आणि कॅथरीन ओलेरी यांच्या गोठ्यात आग लागली. न्यायालयाच्या मनोऱ्यावरच्या पहारेकऱ्यानं ज्वाळा पाहिल्या, पण जागा ओळखताना तो चुकला आणि बंब पहिल्यांदा भलतीकडे गेले. वारं नैर्ऋत्येचं, म्हणजे नेमकं गावाच्या पोटात आग ढकलणारं. मध्यरात्रीच्या आसपास ठिणग्यांनी नदी ओलांडली. दोननंतर न्यायालयाचा मनोरा त्याच्या प्रचंड घंटेसकट कोसळला. तळघरातल्या कैद्यांना त्याआधी सोडून द्यावं लागलं. मग आग नदीची दुसरी धार ओलांडून उत्तरेला गेली आणि तिनं पाणीपुरवठ्याचं पंपघर गाठलं. छप्पर यंत्रांवर पडलं, पंप थांबले. मिशिगन तळ्याच्या काठावर वसलेल्या शहरात त्या घटकेपासून बंबांच्या नळीला पाणी उरलं नाही. लोक तळ्यात गळ्याइतक्या पाण्यात उभे राहून आपलं गाव जळताना पाहत होते. मंगळवारी पहाटे पाऊस आला तेव्हा आग विझली.

सुमारे 17,450 इमारती गेल्या. सुमारे 300 माणसं मेली. एक लाख लोक, म्हणजे गावातला दर तिसरा माणूस, बेघर झाला. त्याच रात्री विस्कॉन्सिनमधल्या पेश्टिगो या लाकूडतोड्यांच्या गावाभोवती जी वणव्याची आग पेटली तिनं हजाराहून अधिक जीव घेतले, पण शिकागोच्या बातमीखाली ती गाडली गेली. आजही फार थोड्यांना ती माहीत आहे.

ओलेरी बाईंबद्दल थांबून सांगायला हवं. त्यांच्या गाईनं लाथ मारून कंदील पाडला आणि शहर जळलं, ही गोष्ट अमेरिकेतल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. आग लागली कशी हे चौकशीतही ठरवता आलं नाही. 1893 मध्ये मायकेल अहर्न या वार्ताहरानं कबूल केलं की गाईची गोष्ट आपणच रचली होती. पण बाई गरीब, आयर्लंडहून आलेल्या, कॅथलिक. दोष चिकटवायला सोप्या. त्या उरलेलं आयुष्य लोकांपासून तोंड लपवून जगल्या. शिकागोच्या नगरसभेनं त्यांना निर्दोष ठरवणारा ठराव केला तो 1997 मध्ये. आज त्या जागेवर अग्निशमन दलाची प्रशिक्षण संस्था आहे.

शहरासोबत पुस्तकंही गेली. शिकागो हिस्टॉरिकल सोसायटीच्या इमारतीत अब्राहम लिंकनच्या हातची मुक्तिघोषणेची प्रत ठेवली होती, ती जळाली. 1841 साली स्थापन झालेल्या यंग मेन्स असोसिएशनचा सुमारे 30,000 ग्रंथांचा संग्रह जळाला. ही संस्था म्हणजे आपल्याकडच्या एकोणिसाव्या शतकातल्या नेटिव्ह जनरल लायब्ररीसारखी: सभासद व्हायचं, वर्गणी भरायची, मग पुस्तक. पुण्यात 1848 साली लोकहितवादींच्या पुढाकारानं सुरू झालेलं असंच एक वाचनालय आज पुणे नगर वाचन मंदिर म्हणून आपल्याला ठाऊक आहे. अशा संस्थांनी वाचनाची गोडी लावली, त्यांचं ऋण मोठंच आहे. पण कत्तलखान्यात राबणाऱ्या पोलिश किंवा आयरिश मजुराला शिकागोच्या त्या संग्रहाचं दार नुसतं लोटून आत जाता येत नव्हतं.

आता गोष्ट अटलांटिकपलीकडे जाते. लंडनमधल्या ए. एच. बर्जेस या गृहस्थांच्या मनात आलं की इंग्लंडनं शिकागोला एक मोफत ग्रंथालय भेट द्यावं. डिसेंबर 1871 मध्ये त्यांची ही कल्पना शिकागो ट्रिब्यूनमध्ये छापून आली. तिला हातभार लावला टॉमस ह्यूज यांनी. ‘टॉम ब्राउन्स स्कूलडेज’ या कादंबरीचे लेखक, पार्लमेंटचे सभासद, कामगारांसाठी झटणारे. आगीच्या आदल्या वर्षीच त्यांनी शिकागो पाहिलं होतं. त्यांनी लेखकांना, प्रकाशकांना, संस्थांना साद घातली. राणी व्हिक्टोरियानं पुस्तकं दिली. डिझरायली, टेनिसन, रॉबर्ट ब्राउनिंग, जॉन रस्किन, मॅथ्यू आर्नल्ड यांनी दिली. काहींवर देणाऱ्यांच्या सह्या होत्या. सगळी मिळून सुमारे 8,000 पुस्तकं जहाजांत चढली.

इथे मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. इंग्लंडमध्ये 1850 साली कायदा झाला होता आणि नगरपालिकांना कर बसवून मोफत ग्रंथालय चालवता येत होतं. त्यामुळे देणाऱ्यांना शहर म्हटलं की नगराचं ग्रंथालय आलंच, असं वाटणं साहजिक होतं. शिकागोला तसं काही नव्हतंच. म्हणजे जहाजं निघाली ती एका अशा घराकडे, ज्याचा पाया खणला नव्हता, ज्याला मालक नव्हता आणि ज्याच्यासाठी पैसे खर्चण्याचा अधिकारही नगरसभेला नव्हता.

समोरच्यानं दिलेल्या ताटाला पाट तरी मांडायला हवा. गावातल्या पुढाऱ्यांनी नवे महापौर जोसेफ मेडिल यांच्याकडे सभा बोलावण्याची मागणी केली. मेडिल हे शिकागो ट्रिब्यूनचे; आगीनंतर महिन्याभरात झालेल्या निवडणुकीत शहर पुन्हा जळू देणार नाही एवढ्या एका मुद्द्यावर ते निवडून आले होते. जानेवारी 1872 मध्ये सभा भरली. तिथून हालचाल इलिनॉय राज्याच्या विधिमंडळात गेली आणि त्याच वर्षी ग्रंथालय कायदा झाला: राज्यातल्या कुठल्याही शहराला कर लावून सार्वजनिक ग्रंथालय उभारण्याची मुभा. एप्रिल 1872 मध्ये शिकागोच्या नगरसभेनं ठराव करून ग्रंथालय स्थापन केलं. बेघरांना निवाऱ्याच्या खोपट्यांत अजून वर्षही झालं नव्हतं. राखेचे ढीग उपसायचे बाकी होते. अशा वेळी पुस्तकांसाठी कर बसवायचा निर्णय त्या गावानं घेतला, याचं मला राहून राहून कौतुक वाटतं.

आणि वाईटही वाटतं, ते आपल्याकडे पाहून. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा. त्यानं गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार दिला, हे मोठं काम झालं. पण ग्रंथालयासाठी वेगळ्या कराची तरतूद त्यात ठेवली गेली नाही. आपली वाचनालयं त्यामुळे वर्षानुवर्षं अनुदानाच्या तारखेकडे डोळे लावून बसतात. ग्रंथपाल किती तुटपुंज्या वेतनावर काम करतात हे वाचनालयात नेमानं जाणाऱ्या कुणालाही विचारा.

आता पुन्हा शिकागोकडे. ग्रंथालयाला टाकी मिळाली ती अशी. लासाल रस्त्यावरच्या त्या टाकीभोवती नगरपालिकेनं घाईनं दोन मजली कचेऱ्या बांधून घेतल्या. नगरभवन जळालं होतं, कारभार कुठून तरी चालवायलाच हवा होता. या ओबडधोबड इमारतीत पारव्यांनी इतकी वस्ती केली की लोक तिला ‘रूकरी’ म्हणू लागले, म्हणजे पाखरांचं वसतिस्थान. पुढे ती पाडून त्या जागी 1888 मध्ये बर्नहॅम आणि रूट यांनी उंच व्यापारी इमारत बांधली, आणि नाव तेच राहिलं. वास्तुकलेचे अभ्यासक आजही रूकरी पाहायला जातात. त्या जागेवर एकदा पुस्तकांनी भरलेली टाकी होती हे किती जणांच्या लक्षात येत असेल?

ऑक्टोबर 1873 मध्ये विल्यम फ्रेडरिक पूल यांची पहिले ग्रंथपाल म्हणून निवड झाली. बॉस्टन अथेनियम आणि सिनसिनाटीचं सार्वजनिक ग्रंथालय सांभाळून आलेला हा माणूस. येल विद्यापीठात शिकत असताना त्यांनी नियतकालिकांतल्या लेखांची सूची करायला घेतली होती. तीच पुढे वाढून त्यांच्या नावानं जगभरच्या ग्रंथालयांत गेली. पूल यांना पुस्तकं जपण्यापेक्षा फिरवण्यात रस होता. 1874 मध्ये घरी पुस्तक देणं सुरू झालं तेव्हा संग्रहात 17,355 पुस्तकं होती आणि त्यातली सुमारे 13,000 नेता येत होती. एवढी आग पाहिलेल्या गावानं पुस्तकं कुलपात घातली असती तर कुणी नावं ठेवली नसती.

ग्रंथालयाला मात्र स्वतःची जागा नव्हती. पहिल्या 24 वर्षांत बिऱ्हाड पाठीवर घेऊन ते इकडून तिकडे हिंडलं. 1886 पासून 11 वर्षं ते नव्या नगरभवनाच्या चौथ्या मजल्यावर होतं. शहर तर भराभर पसरत चाललेलं. 1870 मध्ये तीन लाखांच्या आत असलेली लोकसंख्या 1890 मध्ये अकरा लाखांच्या घरात गेली. दिवसभर राबून दमलेला माणूस पुस्तकासाठी गावाच्या मध्यावर येऊन चार जिने चढणार कसा?

पूल यांनी यावर काढलेला उपाय मला या सबंध वाटचालीतला सर्वांत देखणा वाटतो. 1884 पासून त्यांनी वस्त्यावस्त्यांत पुस्तक-वाटप केंद्रं सुरू केली. केंद्र म्हणजे काय, तर एखादं मिठाईचं दुकान, एखादं कापडाचं दुकान. दुकानदाराला थोडा मोबदला. गिऱ्हाईक येऊन हव्या त्या पुस्तकाचं नाव सांगणार, दुकानदार यादी मुख्य ग्रंथालयाकडे पाठवणार, पुस्तक दुकानात येणार, वाचून झालं की तिथेच परत. मूल गोळ्या घ्यायला आलं की आईचं पुस्तक घेऊन जाई, असं चित्र मी मनाशी रंगवतो. विसावं शतक उजाडलं तेव्हा अशी 60 केंद्रं होती आणि ग्रंथालयातून बाहेर पडणाऱ्या पुस्तकांपैकी दोन तृतीयांश पुस्तकं या दुकानांतून जात होती. इमारत नसलेल्या ग्रंथालयानं सगळ्या गावालाच आपली इमारत करून घेतलं.

मधल्या काळात गाव कसं उभं राहत होतं तेही पाहू. जळक्या विटा, वितळलेलं लोखंड, सगळा राडारोडा गाड्या भरभरून मिशिगन अ‍ॅव्हेन्यूच्या पूर्वेला तळ्यात ढकलला गेला आणि किनारा पुढे सरकला. आजच्या ग्रँट पार्कखाली त्या आगीचा ढिगारा आहे. 1873 मध्येच तळ्याकाठी मोठं औद्योगिक प्रदर्शन भरवून शिकागोनं जगाला आपण उभे असल्याचं दाखवलं. पण या घाईत सगळं सुरळीत नव्हतं. लाकडी बांधकामाला बंदी घालायची ठरलं तेव्हा उत्तर भागातल्या जर्मन कामगारांनी नगरसभेवर मोर्चा नेला. विटांचं घर त्यांना परवडणार नव्हतं. बंदीचा अर्थ त्यांच्यासाठी बेघर राहा असाच होता. नियम सैल झाले. आणि जुलै 1874 मध्ये शहराला दुसरी मोठी आग लागली. तेव्हा विमा कंपन्यांनी धमकावलं की सुधारणा करा, नाहीतर आम्ही विमा देणं बंद करतो. त्यानंतरच बंबखात्याची नीट घडी बसली आणि बांधकामाचे नियम खरोखर पाळले जाऊ लागले. लोखंडाभोवती भाजलेल्या मातीचं वेष्टण देऊन ते आगीपासून वाचवायची पद्धत रुळली, आणि 1885 मध्ये विल्यम ले बॅरन जेनी यांनी धातूच्या सांगाड्यावर होम इन्शुरन्स बिल्डिंगचे दहा मजले उभे केले.

पूल यांनी 1887 मध्ये नोकरी सोडली ती न्यूबेरी ग्रंथालय उभारण्यासाठी. वॉल्टर न्यूबेरी या व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रातून निघालेलं हे संशोधकांचं ग्रंथालय. त्याची इमारत ज्या जागेवर बांधली गेली तिथे पूर्वी मालन ऑग्डेन यांचं घर होतं. भोवतालचा सगळा उत्तर भाग जळाला तेव्हा आगीच्या वाटेत असूनही वाचलेला वाडा तो हाच. आगीतून सुटलेली एक टाकी आणि एक वाडा, दोन्ही ठिकाणी शिकागोनं पुस्तकं नेऊन ठेवली.

1893 चं जागतिक प्रदर्शन आपल्याला ठाऊक असतं ते त्याच्यासोबत भरलेल्या सर्वधर्म परिषदेमुळे. 11 सप्टेंबरला स्वामी विवेकानंद ज्या इमारतीत बोलले ती मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर, म्हणजे आगीचा राडारोडा जिथे तळ्यात लोटला त्या पट्ट्यात. जळून गेल्याला जेमतेम 22 वर्षं झालेल्या शहरात ते उभे होते. याच मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर चार वर्षांनी, ऑक्टोबर 1897 मध्ये, सार्वजनिक ग्रंथालयाची स्वतःची इमारत खुली झाली. खर्च जवळजवळ 20 लाख डॉलर. आत जिन्याला इटलीतल्या कॅरारा इथला पांढरा संगमरवर, भिंतींवर काचेच्या आणि शिंपल्यांच्या तुकड्यांनी जडवलेली ग्रंथकारांची नावं, अनेक भाषांतली वचनं, आणि वर टिफनीच्या काचेचा 38 फूट व्यासाचा घुमट. 58 फूट व्यासाच्या टाकीतून निघालेलं ग्रंथालय 24 वर्षांनी या घुमटाखाली आलं. हे सगळं वैभव कुणा एका धनिकासाठी नव्हतं. कारखान्यातून थेट आलेल्या मजुरालाही त्या जिन्यानं वर जाता येत होतं, आणि त्याच्याकडून एक सेंटही मागितला जात नव्हता.

1909 मध्ये हेन्री लेगलर ग्रंथपाल झाले. त्यांनी 1916 मध्ये सबंध शहरासाठी शाखांचा आराखडा मांडला. त्याचा गाभा साधा होता: ज्याला वाचता येतं किंवा पुस्तक वापरायची इच्छा आहे त्याला घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर ग्रंथालय असावं. पूल यांनी मिठाईच्या दुकानांतून जे सुरू केलं त्याला लेगलर यांनी छप्पर दिलं. ते स्वतः दुसऱ्याच वर्षी वारले, आराखडा मात्र चालत राहिला.

यानंतर 1927 साल. हे प्रकरण वाचताना अजूनही छातीत धडधडतं. महापौरपदावर विल्यम थॉम्पसन, ‘बिग बिल’, पुन्हा निवडून आले होते. प्रचारात त्यांनी इंग्लंडच्या राजाच्या नाकावर ठोसा मारायची भाषा केली होती. शाळांतली इतिहासाची पुस्तकं इंग्रजधार्जिणी आहेत असा त्यांचा आरोप. त्या झोडपणीत त्यांचे मित्र आणि ग्रंथालयाच्या मंडळाचे एक सभासद हर्मन यांनी जाहीर केलं की सार्वजनिक ग्रंथालयातली इंग्रजांची भलामण करणारी पुस्तकं शोधून तळ्याकाठी त्यांची होळी करू. त्यांनी चार पुस्तकं काढूनही नेली. इंग्रजांनी पाठवलेल्या पुस्तकांतून जन्मलेलं ग्रंथालय, आगीनं उद्ध्वस्त झालेलं गाव, आणि तिथे पुस्तकांना आग लावायची घोषणा! देशभरातून निषेध झाला, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि होळी झाली नाही. पण पुस्तकांना धोका ठिणगीचाच असतो असं नाही, हे त्या दिवसांत ग्रंथालयानं अनुभवलं.

ग्रंथालय सर्वांचं म्हणताना ‘सर्व’ कोण, हा प्रश्न शिकागोत फार काळ अर्धवट राहिला. दक्षिण भागातल्या ब्रॉन्झव्हिल या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत पूर्ण शाखा आली ती 1932 मध्ये. तिच्या प्रमुख झाल्या व्हिव्हियन हार्श. शिकागोच्या ग्रंथालयातल्या पहिल्या कृष्णवर्णीय ग्रंथपाल. 1909 साली त्या संस्थेत अगदी खालच्या जागेवर लागल्या होत्या. त्यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाची, साहित्याची पुस्तकं, हस्तलिखितं, कात्रणं एकेक करून जमवायला घेतली. त्यासाठी त्या प्रवास करत, देणग्या मागत. त्यांच्या शाखेत लँग्स्टन ह्यूज आणि ग्वेंडोलिन ब्रुक्स यांसारखे लेखक येत, चर्चा होत. आज तो संग्रह हार्श यांच्या नावानं वूडसन शाखेत आहे आणि त्या विषयाच्या अभ्यासकाला तिथे गेल्यावाचून गत्यंतर नाही.

घुमटाची इमारत विसाव्या शतकाच्या सत्तरीत अपुरी आणि जुनाट झाली. पाडा, अशी चर्चा सुरू झाली. ती वाचवायला महापौर रिचर्ड डेली यांच्या पत्नी एलिनॉर डेली यांचं एक जाहीर वाक्य पुरेसं ठरलं, असं शिकागोकर मानतात. इमारत वाचली आणि पुढे सांस्कृतिक केंद्र झाली, पण पुस्तकांना पुन्हा घर राहिलं नाही. मुख्य संग्रह भाड्याच्या जागेत गेला आणि बरीच वर्षं तिथेच राहिला. ज्या देशानं जगाला सार्वजनिक ग्रंथालयाची ओढ लावली त्याच्या एवढ्या मोठ्या शहराचं मध्यवर्ती ग्रंथालय परत बिऱ्हाडकरू झालं होतं.

हॅरॉल्ड वॉशिंग्टन हे 1983 मध्ये शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. पुस्तकांचा त्यांना मनापासून लळा होता. नव्या ग्रंथालयासाठी कर्जरोखे काढायचा निर्णय त्यांनी घडवून आणला, आणि नोव्हेंबर 1987 मध्ये कामावर असतानाच ते गेले. इमारत त्यांना पाहता आली नाही. लाल विटांची, भल्या कमानींची, टॉमस बीबी यांच्या चमूनं आखलेली ती वास्तू 7 ऑक्टोबर 1991 रोजी त्यांच्या नावानं उघडली. आगीला 120 वर्षं व्हायला एक दिवस कमी होता. छतावर पुढे अ‍ॅल्युमिनियमची घुबडं बसवली गेली. पाश्चात्त्यांत घुबड हा ज्ञानाचा पक्षी.

1 ऑक्टोबर 2019 पासून शिकागोच्या ग्रंथालयानं उशिरा पुस्तक परत करण्याचा दंड बंद केला. एवढ्या मोठ्या शहरानं असं करण्याची अमेरिकेतली ती पहिली वेळ. दंड थकला म्हणून ज्यांचं कार्ड बंद पडलं होतं त्यांत गरीब वस्त्यांतली माणसं आणि मुलं जास्त होती. जुना दंडही माफ झाला. वर्षानुवर्षं घरात दडवून ठेवलेली पुस्तकं घेऊन लोक परत आले; परतीचा आकडा पहिल्या काही आठवड्यांतच दुपटीहून वर गेला. 1872 च्या कायद्यानं वर्गणी काढून टाकली होती. जी एक छुपी वर्गणी उरली होती ती 147 वर्षांनी गेली. आता शहरात ग्रंथालयाची 80 च्या वर ठिकाणं आहेत.

इंग्लंडहून आलेल्या पुस्तकांपैकी काही अजून आहेत. हॅरॉल्ड वॉशिंग्टन ग्रंथालयाच्या नवव्या मजल्यावर, विशेष संग्रहात ती जपलेली आहेत. त्यांच्या आतल्या पानावर एक छापील चिठ्ठी चिकटवलेली असते. त्या चिठ्ठीवर देणाऱ्याचं नाव असतं, 1871 च्या आगीचा उल्लेख असतो, आणि हे पुस्तक शिकागो शहराला मोफत ग्रंथालय स्थापन करण्यासाठी दिलं आहे, असं लिहिलेलं असतं. ही चिठ्ठी छापली गेली तेव्हा ते ग्रंथालय कुठेच नव्हतं.